वळणावरची बंद गाडी

तो मोबाईल खाली ठेव आधी, आणि जरा जवळ सरका. मला मोठ्यानं बोलवत नाही आता.

ही गोष्ट माझी नाही, फिटरची आहे. माझ्या पंक्चरच्या दुकानाला लागूनच त्याचं गॅरेज. बावीस वर्षं आमचा चहा एकाच किटलीतला. गिऱ्हाइकाशीसुद्धा खोटं न बोलणारा माणूस, तो माझ्याशी कशाला बोलेल?

जानेवारीची एकोणीस तारीख होती, मंगळवार. फिटरची धाकटी बहीण बाळंतपणाला दवाखान्यात होती. मूल सुखरूप झालं, पण हिचं रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, शहरातून दोन पिशव्या रक्त आणा, लगेच. फिटर आपली जुनी व्हॅन घेऊन गेला. पिशव्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या, डबा शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावला, माणसाला लावतात तसा. आणि निघाला. पाऊण तासाचा रस्ता.

रात्री अकरा चाळीसला खाणीच्या वळणावर त्याला एक पांढरी गाडी दिसली. बोनेट उघडं. समोर एक माणूस हात वर करून उभा. फिटर पुढं निघून गेला. गेला म्हणजे गेला, त्यानं माझ्यापासून ते लपवलं नाही. थोडं पुढं जाऊन आरशात बघितलं, तर हात अजून वरच.

"मी नसते बाई थांबले," माझी नात म्हणतेय बघा. "मी पाय दाबला असता."

तुझं लायसन येऊ दे आधी, मग दाब.

फिटरनं व्हॅन वळवून परत आणली. तोंडाला तोंड लावली, पण गाडीला गाडी चिकटणार नाही इतकी लांब.

"काय झालं, दादा?"

"बॅटरी उतरलीय, भाऊ. मागं बायको आहे. दवाखान्यात न्यायचंय."

"मग माझ्या गाडीत घ्या की त्यांना. मी तिकडंच चाललोय."

"तिला आता गाडीतून काढता येत नाही."

"ॲम्ब्युलन्सला फोन केला का?"

"केलाय. निघालोय म्हणाले."

"कधी?"

तो माणूस मागच्या काचेकडं वळला…

फिटरनं डब्याकडं एकदा बघितलं. मग बॅटरीला बॅटरी जोडायची केबल काढली आणि व्हॅनचं इंजिन बंद केलं. घाईतही नियम मोडायचा नाही, चिमटे लावताना दोन्ही गाड्या बंदच पाहिजेत. इंजिन थांबलं तसा सगळीकडं शुकशुकाट झाला. त्या शांततेत पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवरून श्वास ऐकू आला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

फिटरनं टॉर्च दातात धरला. बॅटरीवर पांढरा थर चढलेला. तडा नाही, फुगवटा नाही, एवढं बघून घेतलं. कापडानं पुसली. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला. दुसरा लाल आपल्या प्लसला. काळा आपल्या मायनसला. राहिला शेवटचा काळा. तो त्या माणसानं उचलला आणि सरळ आपल्या बॅटरीकडं नेला.

"तिथं नाही!" फिटरनं त्याचं मनगट धरलं. "बॅटरीतून गॅस निघतो. ठिणगी उडाली तर तोंडावर फुटेल. तो इथं लावायचा. लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला."

मग फिटरनं मनगट सोडलं. आपण काय धरलं होतं, ते त्यानं मला कधीच सांगितलं नाही. दोनदा विचारलं मी. दोन्ही वेळा त्यानं हात पँटला पुसला.

व्हॅन चालू केली. आता पाच मिनिटं थांबायचं, तेवढी ताकद तिकडं जाऊ द्यायची. एक मिनिट झालं. दोन झाली. फोन वाजला. मेहुणा.

"कुठं आहात? डॉक्टर सारखे विचारतायत हो!"

"आलोच, दाजी…"

मागच्या सीटवरचा श्वास आता भराभर यायला लागला. व्हॅनचं इंजिन चढलं की तोही चढायचा. उतरलं की उतरायचा. फिटरनं मागं बघितलं नाही. चिमट्याकडं हात नेला. पुरे झालं. काढतो आणि जातो. आपली बहीण मरतेय तिकडं.

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. अगदी दमलेला.

"पोचलो का हो?"

"पोचतोय," तो माणूस म्हणाला. "गाडी सुरू होतेय."

फिटरचा हात तिथंच राहिला.

पाच मिनिटं.

"मारा स्टार्टर."

एकदा… नाही. दुसऱ्यांदा… नाही. तिसऱ्यांदा धरलं.

उलट्या क्रमानं चिमटे काढले, काळा आधी. माणूस काचेतून म्हणाला, "तुम्ही पहिले, भाऊ."

"पहिला कसला?"

"थांबलेले."

आणि गाडी गेली. फिटर लगेच मागोमाग निघाला. वळणापुढं रस्ता सरळसोट, कोसभर दिसतो. पुढं त्या गाडीचा लाल दिवा नव्हता. काहीच नव्हतं.

बारा वीसला तो दवाखान्यात पोचला. रक्त चढलं. पहाटे पाचला बहिणीनं डोळे उघडून पाणी मागितलं. आज तिचा पोरगा पहिलीत आहे.

त्याच सकाळी सहाला मी दवाखान्यात चहा घेऊन गेलो. दाराशी माणसं जमलेली. वॉचमन शपथा घेत होता, "डुलकी नाही लागली हो मला, आईशपथ!"

अपघात विभागाच्या अगदी पायरीशी एक पांढरी गाडी उभी होती. आम्ही सगळ्यांनी ओळखली. खाणीच्या खड्ड्यात ती नऊ वर्षं पडून होती. एका नवरा-बायकोची गाडी. त्याच वळणावर रात्रीची बंद पडली, कोणी थांबलं नाही, बाई गाडीतच गेली. वर्षाच्या आत नवराही गेला.

चाकांना टायर नाहीत. काचांतून वेली बाहेर आलेल्या. फिटरनं बोनेट उचललं. बॅटरीच्या जागी बॅटरीच नव्हती, मुंग्यांनी माती भरून ठेवली होती.

मी इंजिनवर हात ठेवला.

गरम.

आणि मागचं दार… उघडं होतं.