शंभरातले पंच्याण्णव

एमेट कोवाच मला पहिल्यांदा भेटला तेव्हा आम्ही दोघं एकाच म्हातारीला दोन बाजूंनी ओढत होतो.

म्हातारी म्हणजे मिसेस ओडम. वय एक्याऐंशी, पाय ठणठणीत. पण घरी सोडलेल्या पेशंटला दारापर्यंत चाकाच्या खुर्चीतूनच न्यायचं, हा हॉस्पिटलचा नियम. मग तो पळत जाऊ शकत असला तरी. हे काम आम्ही विद्यार्थी फुकट करायचो, कारण पदवीनंतर मेडिकलला जायचं तर अर्जात सेवेचे तास दाखवावे लागतात. त्या शनिवारी सेवेकरी अकरा होते आणि पेशंट एक.

"ह्या माझ्या आहेत," मी खुर्चीचा डावा दांडा धरून म्हणाले.

"नाव लिहिलंयस का त्यांच्यावर?" उजवा दांडा धरून तो.

"पोरांनो, तुम्ही भांडा. मी निघते," मिसेस ओडम उठल्या आणि चालत गेल्यासुद्धा!

रिकामी खुर्ची धरून आम्ही उभे. तो पावसातून आला होता. कपाळावरच्या बटेतून एक थेंब लोंबत होता... पडतच नव्हता.

"बस," तो म्हणाला.

"कुठे?"

"खुर्चीत. तास भरायचेत ना? तुला सोडतो दारापर्यंत."

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. तरी बसले.

तो गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात होता, सगळ्या विषयांत 'ए'. मी टेकडीवरच्या ब्रॅम्बली कॉलेजात, तिसऱ्या वर्षाला. ब्रॅम्बली म्हणजे वेलींनी झाकलेल्या भिंती आणि एक आकडा.

"आमच्याकडचे शंभरातले पंच्याण्णव मेडिकलला लागतात," मी दारापर्यंत पोचायच्या आत सांगून टाकलं.

"आणि उरलेले पाच?"

"आजारी पडत असतील."

हिवाळाभर मी त्याच्या मागे लागले होते की पुढच्या दोन वर्षांसाठी ब्रॅम्बलीला ये. कोलंबस शहरातलं सरकारी विद्यापीठही त्याला बोलवत होतं, पण ते गाडीनं दोन तासांवर. मी कारण द्यायचे पंच्याण्णवचं. खरं कारण वेगळंच होतं. ऐकताना तो मान जराशी कलती करायचा, आणि मी काय बोलत होते तेच विसरायचे. दोन्हीकडे त्याला प्रवेश मिळाला. उत्तर कळवायची मुदत मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, संध्याकाळी पाचपर्यंत.

त्याच शुक्रवारी दुपारी दोनला डॉ. फर्नवॉल्डनी मला बोलावलं. ब्रॅम्बलीत मेडिकलच्या अर्जाला समितीचं पत्र जोडतात, आणि समिती म्हणजे हेच. त्यांनी पेपरमिंटची गोळी पुढे केली.

"हॅडली, समिती तुला पत्र देणार नाही. सेंद्रिय रसायनात तुझा 'बी' आहे."

"बी उणे," मी चूक दुरुस्त केली. घरचे संस्कार!

"बघ, म्हणजे आणखीच."

"पण सर, शंभरातले पंच्याण्णव—"

"त्याचमुळे तर! ज्यांची खात्री, त्यांनाच पत्र. यंदा वीस पत्रं. एकोणीस लागतील."

"पण पहिल्या वर्षी मेडिकलला जायचं म्हणणारे आम्ही एकशेचाळीस जण होतो..."

"बाकीचे अर्जच करत नाहीत," ते प्रेमानं म्हणाले. "मग त्यांना मोजायचं कशात?"

मी गोळी अख्खी गिळली.

साडेचारला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये एमेट लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्यावर ब्रॅम्बलीचं पान, बाण 'स्वीकार'वर.

"ये, तुझीच वाट बघत होतो. दोघं मिळून दाबू."

अर्धा तास गप्प बसायचं होतं, बस्स. मग वर्षभर तो माझ्या डोळ्यांसमोर.

"थांब," मी म्हणाले... आणि सगळं सांगितलं. वीस, एकोणीस, एकशेचाळीस.

त्याचं तोंड उघडं ते उघडंच. "म्हणजे... एकशेवीस पोरं मोजलीच नाहीत?"

"त्यात मी एक."

"तू हिवाळाभर मला हे—"

"मला माहीत नव्हतं, शप्पथ! इथे एक 'बी' आला की तूही गायब होशील. कोलंबसला असं पत्र अडवणारं कुणी नाही. तिकडे जा. मला तू इथे हवा होतास, तो त्या आकड्यासाठी नाही... मला तू आवडतोस. फार. म्हणून म्हणते, जा."

गल्ल्यावरची बाई सुटे मोजायची थांबली. एमेटनं माझ्याकडे पाहिलं... मान कलती केली... दुसरं पान उघडलं आणि कोलंबसला 'हो' दाबलं. चार सेकंदांत.

"एवढ्या पटकन?" मी किंचाळले.

"तूच म्हणालीस!"

"म्हणाले, पण माणसानं जरा अडखळावं की नाही?"

"हॅडली, मी ब्रॅम्बलीला तुझ्यासाठी येणार होतो. तो आकडा मला अजून पाठ नाही. आईला मी ब्याण्णव सांगितलंय." त्याचे कान लाल झाले. "दर शनिवारी येईन. दोन तास म्हणजे काय... रेडिओवर बेसबॉलचा एक सामनासुद्धा संपत नाही."

तोच पुढे म्हणाला, "पत्राशिवाय अर्ज करता येत नाही का?"

"येतो. पण पत्र का नाही, ते एका चौकटीत लिहावं लागतं. वाचूनच हाकलतील."

"हाकलू देत. तू तरी स्वतःला मोज." त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

त्या चौकटीत मी सहा ओळी लिहिल्या. समिती, डॉ. फर्नवॉल्ड, रसायन, आणि शेवटी 'हे माझे दुर्दैव.'

त्यानं वाकून वाचलं. "दुर्दैव काढ."

मी खोडायच्या बटणावर बोट ठेवलं. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. दुर्दैव गेलं. मग रसायन गेलं. डॉ. फर्नवॉल्ड उलटे चालत गेले, त्यांच्यामागे अख्खी समिती... ओळीमागून ओळ पुसली जात होती, आणि बोट कुणीच उचलत नव्हतं.

"एमेट, सगळं गेलं," मी हळूच म्हणाले.

"परत लिहू," तो म्हणाला. हात तिथेच.