अपेक्षा : लोड होत आहे…

"ज्यानं ही वेबसाइट बनवली ना, तो एक नंबरचा गाढव हाय!"

सोमवारी दुपारी साडेबारा वाजता, सिद्धप्पाकाकांच्या छापखान्यात, मी हे वाक्य अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. काउंटरपलीकडे काखेत हेल्मेट धरून एक मुलगा उभा होता, उन्हानं लालबुंद झालेला. त्यानं शांतपणे विचारलं, "पाणी मिळंल का? मग सांगतो."

"काय सांगता?"

"तो गाढव मीच हाय, म्हणून."

माझा चेहरा तेव्हा कसा झाला, ते काका अजून आल्यागेल्याला करून दाखवतात.

प्रकरण असं होतं. आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं पुस्तक काकांकडे छापायला आलं होतं. शनिवारी छपाई, रविवारी मेळावा. मुलामुलींची माहिती घरच्यांनी वेबसाइटवर भरलेली, आणि प्रत्येकाचं पान तिथून आपोआप पीडीएफ होऊन तपासायला माझ्या कॉम्प्युटरवर आलेलं. दोनशे आठ पानं. आणि दोनशे आठही पानांवर 'अपेक्षा' या रकान्यापुढे एकच मजकूर — 'लोड होत आहे…'

"समाजातल्या एकालाबी काय नको हाय व्हय?" मी विचारलं.

तो हसला. नाव शिवानंद, पण सगळे शिवू म्हणायचे. सोलापूरजवळच्या होटगीचा. घरी बसून कंपन्यांची कामं करायचा, आणि हे काम मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या गळ्यात मारलेलं. माझ्या शेजारची खुर्ची ओढून त्यानं समजावलं — वेबसाइटवरचं पान आधीपासून तयार नसतंच. कुणी उघडलं की माहिती एकेक करत येते आणि मग ते भरतं.

"माझा प्रोग्राम लई घाई करतोय. पान भरायच्या आधीच पीडीएफ काढून मोकळा. त्याला थांबायला शिकवायला पायजे."

"आणि तुमाला येतं का थांबायला?"

"शिकवलं तर…"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी उगाचच माउस पुसत बसले.

मंगळवारी तो नवी पीडीएफ घेऊन स्वतः आला. अपेक्षा आल्या होत्या, पण आता जोडाक्षरं फुटली होती. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, पुस्तकासाठी माझीही माहिती भरली होती; त्यानं नेमकं माझंच पान उघडलं. वर मोठ्या अक्षरात — 'सिद्‌धेश्‌वरी'.

"तुमचं जोडाक्षर तुटतंय."

"मग जोडा की."

म्हटलं आणि जीभ चावली. मशीनमागून काका जोरात खोकले.

बुधवारी फोटो कापले गेले. डोकी एका पानावर, माना दुसऱ्या पानावर! गुरुवारी सगळ्या मुलींची जन्मवेळ एकच निघाली. मला राग यायला हवा होता… पण मी सकाळपासून दाराकडे बघत होते आणि मोटारसायकलचा आवाज ओळखायला शिकले होते.

शेवटी काकांनीच विचारलं, "काय रे शिवू, मेलनं जात न्हाय व्हय ही पीडीएफ? रोज होटगीहून पेट्रोल जाळत येतोस ते?"

"फाइल लई जड हाय, काका."

काकांनी पेनड्राइव्ह तळहातावर घेऊन तोलला. "हौदु, हो… लईच जड हाय," म्हणाले आणि कानडीत काहीतरी पुटपुटत आत गेले.

त्या दिवशी मी डब्यात एक कडक भाकरी जास्त आणली होती. शेंगाचटणीवर दही घालून आम्ही जेवायला बसलो. भाकरी मोडताना प्रत्येक वेळी मोठा तुकडा त्यानं माझ्याकडे सरकवला. जेवता जेवता त्यानं पडद्यावरचं माझं पान वाचलं. नाव आता नीट जुळलं होतं. खाली ठळक अक्षरात — 'अपेक्षा : पुण्यात नोकरीला असलेला मुलगा.'

त्याचा घास हातातच राहिला. "पुणं… चांगलं हाय की."

"ते अप्पांनी लिवलंय. मला सोलापूर सोडायचं न्हाय. हा छापखाना सोडायचा न्हाय."

"मग सांगा की त्यांना."

"कसं सांगू? पुण्याचं एक स्थळ रविवारी हे पान बघूनच येणार हाय घरी."

त्यानं उठून माझा डबा धुऊन दिला.

शुक्रवारी मोटारसायकल आली नाही. पीडीएफ मेलनं आली. एकही चूक नाही. अक्षरं जुळलेली, फोटो जागच्या जागी… आणि मला चक्क रडू आलं. एवढी स्वच्छ पानं आयुष्यात कधी इतकी वाईट दिसली नव्हती. तरी डोळे पुसून एकेक पान तपासत गेले. एकशे त्रेचाळीसाव्या पानावर हात थांबला.

'शिवानंद, होटगी. अपेक्षा : लोड होत आहे…'

मी लगेच फोन लावला. "तुमच्या पानावर चूक राहिली."

"चूक न्हाय ती. रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढं जाईना. आई पाठीशी उभी. मला काय पायजे, तेच ठावं नव्हतं… म्हणून ते टाइप केलं."

"मग अजून लोड होतंय?"

"न्हाय. झालं."

"कधी?"

"सोमवारी. साडेबारा वाजता. कुणीतरी मला गाढव म्हणत होतं बघा… तेव्हा."

मी खुर्चीवरून उठले. परत बसले.

"आणि आधीच्या सगळ्या चुका?"

"पहिल्या दोन खऱ्या हायत. बाकीच्या… मी केल्या."

"मग आज मेल का केला?"

"तुमच्या पानावरची चूक, ती पुण्याची, मला दुरुस्त करता येईना. त्याचा ओटीपी तुमच्या अप्पांकडं जातो. मग येऊन काय करू?"

मी फोन ठेवला आणि लगेच अप्पांना लावला.

"अप्पा, तुमाला एक ओटीपी येईल. सांगा मला."

"एनव्वा? काय गं? कशाला?"

"माझं पान काढायचंय पुस्तकातनं. मला पुण्याला जायचं न्हाय. मला… होटगीला जायचंय."

"होटगीला? आत्ता? रेल्वेनं?"

"न्हाय अप्पा. लग्न करून."

पलीकडे अप्पांनी पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"पोरगा करतो काय?" अप्पांनी विचारलं.

"चुका. रोज एक. आणि रोज येऊन दुरुस्त करतो."

ते हसले की हुंदका होता, कळलं नाही. मग त्यांनी ओटीपी सांगितला, एकेक आकडा दोन-दोनदा. "होटगी म्हंजे… मनात आलं की जेवायला येशील की गं. पुण्याच्या लोकांचं मी बघतो."

शनिवारी दोन पानं कमी झाली, माझं आणि शिवूचं. काका वैतागले, "शेवटची दोन कोरी राहत्यात की! काय छापू? फुलं?" शिवू जवळच उभा होता. तो वाकला, आणि दोन्ही पानांवर मधोमध त्यानं एकच ओळ टाइप केली.

रविवारी मेळाव्यात मंडळाचे अध्यक्ष पुस्तक नाचवत आले. "सिद्धप्पा, अहो शेवटच्या दोन्ही पानांवर 'लोड होत आहे' राहिलंय की!"

काकांनी शांतपणे पानाचा विडा तोंडात टाकला. "वेबसाइट बनवणारा गाढव हाय हो. पण काय करता… आता घरचाच हाय."

शिवू माझ्या शेजारी आला होता, काखेत हेल्मेट, उन्हानं लालबुंद. तो हळूच म्हणाला, "पाणी मिळंल का?"

"देते," मी म्हटलं. "थांबायला शिकला असाल तर."