मागची निळी खोली

"ते घर घेऊ नका. मागच्या निळ्या खोलीत पोरीनं फास घेतलाय."

एवढंच बोलून त्या बाईनं फोन ठेवला. फौजदार तेजस्वी पाटील मोबाईलकडे बघत राहिली. 'एजंट नको, थेट मालकाशी बोला' अशी रुईकर कॉलनीतल्या बंगल्याची जाहिरात तिनं ऑनलाइन वाचली होती आणि खाली आपला नंबर टाकला होता. तो कुणालाही दिसत होता.

ती साध्या कपड्यांतच बंगल्यावर गेली. मालकीणबाई कालिंदी सरदेसाई यांनी हौसेनं घर दाखवलं. मागची खोली पांढरीशुभ्र होती.

"इथं कुणी गेलं होतं का?"

कालिंदीबाई भडकल्या. "तुम्हालाही फोन आला? सगळी गिऱ्हाईकं मोडली माझी! दलाली देणार नाही म्हटलं, त्याचा सूड उगवतोय तो एजंट. या घरात कुणी मेलेलं नाही. मुलगा बंगळुरात, मी एकटी."

तेजस्वीनं दार ओढून बघितलं. आतली कडी कोरी करकरीत. चौकटीचं लाकूड कडीपाशी फुटलेलं, भेगेत लांबी भरून वर रंग मारलेला. तिनं नखानं भिंतीचा पोपडा काढला.

खाली निळा रंग होता.

एजंट धैर्यशीलचं ऑफिस कोपऱ्यावरच होतं.

"निळ्या खोलीत पोरीनं फास घेतला, असे फोन तुम्ही करवता?"

"ओ मॅडम, धमकी दिलीया मी, पर तोंडावर. माझ्याबिगर घर इकून दाखवा म्हटलंय. असलं भुताखेताचं न्हाय. उद्या मलाच ते घर इकायचं आलं तर कोण घेईल?"

"आत कधी गेला होतात?"

"दिवाळी पाडव्याला. रंगाचा वास येत हुता अजून. समदं पांढरं. निळी खोली कुठनं आणलीसा?"

शेजारचे नृसिंह जोशी फाटकाशीच भेटले.

"मागच्या खोलीत कोण राहायचं?"

"कालिंदीबाईंचा मुलगा उन्मेष आणि त्याची बायको, अवंतिका. डोक्यावर परिणाम झाला म्हणून माहेरी पाठवली, इचलकरंजीला. कालिंदीबाईच सांगायच्या सगळ्यांना."

"तुम्हाला तसं काही दिसलं होतं?"

जोशींनी बंगल्याकडे एक नजर टाकली. "जाताना गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली दिसली. भर उन्हाळ्यात."

रविवारी तेजस्वीनं पुन्हा बंगल्याची बेल दाबली. सोबत एक सडपातळ तरुणी होती. तिला बघताच कालिंदीबाईंचा हात दाराच्या कडीवर थिजला.

"मी फौजदार आहे," तेजस्वी आत येत म्हणाली. "फोन करणारी निळी खोली म्हणाली. रंग बदलल्यावर जो जो आत आला, त्यानं पांढरीच पाहिली. एजंट त्यातलाच, शिवाय बदनाम घर त्यालाही विकता आलं नसतं. म्हणजे फोन करणारी इथं आधी राहिलेली. कुणी मेलं नाही, हे तुमचं खरं. पण मागच्या खोलीचं आतून लावलेलं दार बाहेरून फोडलं गेलं. कुणाचा तरी जीव आयत्या वेळी वाचला. तुमची गिऱ्हाईकं तीच मोडते. ही, तुमची सून."

"बघितलंत? मी तक्रार देणार हिच्यावर!"

"खुशाल द्या. हिचीही मी लिहून घेतेय. उन्मेष मारायला लागला की तुम्ही टीव्हीचा आवाज का वाढवायचात, तेही त्यात येईल."

कालिंदीबाई सुनेकडे वळल्या. "काय पाहिजे तुला, अवंतिका?"

"मी वेडी नव्हते," अवंतिका म्हणाली. आवाज फोनवरचाच होता. "तुम्ही गावभर मला वेडी केलंत. माझ्या बापाला चारचौघांत मान वर करता येईना. एजंट ठेवला नाही ना? मग प्रत्येक गिऱ्हाइकाला मागची खोली तुम्हीच दाखवायची. तिथं काय झालं, ते तुमच्याच तोंडानं सांगायचं. नाही सांगितलंत, तर मी फोन करत राहीन. हे घर जन्मभर तुमच्या गळ्यात राहील."

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. नेसरीहून कृष्णात आणि शालूबाई हे जोडपं घर बघायला आलं होतं. अवंतिकानं मागच्या खोलीचं दार उघडलं आणि बाजूला झाली.

"लई उजेड हाय की," शालूबाई म्हणाल्या. "कुणाची हुती ही खोली?"

कालिंदीबाईंनी तेजस्वीकडे बघितलं. तिनं नजर हलवली नाही.

"माझ्या सुनेची," त्या कशाबशा म्हणाल्या. "ती... वेडी नव्हती."

त्या थांबल्या. नवराबायको गोंधळून एकमेकांकडे बघू लागले.

"पुढं बोला," अवंतिका म्हणाली.