तिसरी हाक

रामा, दुकानाच्या फळ्या लावून घे आणि तूही बस. सांगतो ते माझ्या ओळखीच्या माणसाचं आहे, ऐकीव नाही.

सन एकोणतीस, मार्गशीर्षातली अमावास्या. सुकटीच्या सौद्याला मी जयगडला गेलो होतो. मुक्काम धोंडू खलाशाकडे. माणूस मोठा लाघवी. माझ्या दुकानातून तंबाखूपेक्षा गप्पाच जास्त न्यायचा.

तो आणि शेजारचा रघू एकाच आगबोटीवर. बोट रंगूनला लागली तेव्हा रघू म्हणाला म्हणे, "इथला, ब्रह्मदेशाचा थिबाराजा आपल्या रत्नागिरीत राहून गेला. चल, आपण त्याचा देव बघून येऊ." दोघं बुद्धाच्या त्या जुन्या सोनेरी देवळात गेले. गावी परतला एकटा धोंडू. रघूच्या बायकोला, चिमाला, त्यानं सांगितलं, "वहिनी, तापानं गेला. मी माझ्या हातानं अग्नी दिला." चिमानं बांगड्या फोडल्या. आणि वर त्याच्या पाया पडली! "भावजी, तुम्ही होतात म्हणून त्यांना अग्नी तरी मिळाला."

तर त्या रात्री जेवून आम्ही दार लावून बसलो होतो. खाडीकडून हाक आली.

"धोंडू..."

आपल्याकडची रीत ठाऊक आहे ना? भूत दोनदाच हाक मारतं. म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत. मी गप्प राहिलो.

"धोंडू..."

आता अंगणातून.

मग काही नाही. नुसती गाज. सुटलो, म्हटलं.

"धोंडू..."

दाराशी.

"अरे, माणूसच आहे की!" मी कडीला हात घातला. धोंडूनं मनगट धरलं.

"शेट, नका... आवाज रघूचा आहे."

"त्याला तर तू जाळलास ना?"

त्यानं माझं मनगट सोडलं आणि दाराला पाठ लावली.

"देवळात त्याला पटकी झाली, उलट्या-जुलाब. बोटीवर कळलं असतं तर दोघांनाही उतरवलं असतं. पाणी आणतो म्हणालो... आणि निघालो. तो मागून हाका मारत होता. रात्र होती, शेट. रात्रीच्या हाकेला कोण ओ देतं?"

तेवढ्यात शेजारची कडी वाजली.

"ओ... आले."

चिमा.

पावलं खाडीकडे गेली. एकाच माणसाची.

उजाडेपर्यंत आम्ही दाराला हात लावला नाही. उघडलं, तर चिमा अंगणात उभी. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"भावजी, तिथं किती हाका मारल्या त्यांनी?"

धोंडूनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

तिनं पुन्हा विचारलं नाही. वळली, तेव्हा ऊन तिच्या कपाळावर पडलं. पुसलेल्या कुंकवाच्या जागी सोन्याचा वर्ख होता. रंगूनकडे मूर्तीला चिकटवतात तसला. वर्ख मी विकलेला आहे, पोरांनो. दाबून लावला की त्यावर बोट उमटतं.

अंगठा उमटला होता. रुंद. पुरुषाचा.