कॅसेटातली हाक

हसणाऱ्यांनी हसून घ्या, पोरांनो, मग ऐका. रंगराव माझा सख्खा भाऊ, कारंजा गावात रेडिओ दुरुस्त करायचा. हे त्याच्या डोळ्यांदेखत घडलं.

एकोणऐंशी साल, पौषातली अमावस्या. दिवेलागणीला कापूसवाल्या नथमलशेठचा पोरगा देवेंद्रकुमार त्याच्या दुकानी आला.

"रंगभाऊ, डाख द्याचं, तारा जोडाचं सामान घेऊन घरी चाला."

पोरगा अमेरिकेत शिकलेला, तिथून छोटा कॉम्प्युटर घेऊन आलेला. सकाळी अकोल्याचे गिरणीवाले तो पाहायला येणार होते. चालला तर नोकरी. नाहीतर जन्मभर बापाच्या गादीवर कापूस तोलणं.

"मशीन चालवाची सिस्टीम या कॅसेटात हाय," देवेंद्र म्हणाला. "मशीनमंदी भराले घेतली का अर्ध्यात मशीन मरते. आतलं एखांदं मेमरीचं कार्ड खराब असंन."

"मंग कार्डं अदलाबदल कर. खराब कार्डाची जागा बदलली, तर मशीन दुसऱ्या जागी मरंन."

कार्डं बदलली. मशीन त्याच जागी मेलं. एकेक कार्ड काढून पाहिलं. तीच जागा.

"मेमरी साफ हाय, बाबू. खोट कॅसेटात."

देवेंद्रनं कॅसेट नुसती वाजवली. कर्कश किर्र... किर्र... मग एकदम शांत.

"देवेंदर..."

पानाबाईचा आवाज. त्याची माय. तो अमेरिकेत असताना गेली होती. तिला खांदा द्यायलाही तो नव्हता.

रंगरावानं कॅसेट उलटून पाहिली. मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही कान मोडलेले. अशा कॅसेटवर नवा आवाज भरताच येत नाही.

"ओ देऊ नको!" तो ओरडला. "रातच्या हाकेले ओ देत नसतात!"

देवेंद्रनं कॅसेट पुन्हा मशीनला लावली. पुन्हा तिथंच. मशीनचे दिवे मात्र जळत राहिले.

"हे मरून नाई राह्यलं, रंगभाऊ..." देवेंद्रला रडू फुटलं. "थांबून राह्यलं. माह्यासाठी."

"सोड ते. घरी चाल माह्या."

"सकाळी ते येतीन ना! मंग मी काय दाखवू?"

कॅसेटातून पुन्हा हाक आली.

"देवेंदर..."

"बाबू, नको..." रंगरावानं त्याचा हात धरला.

"ओ, माय."

किर्र सुरू झालं. सिस्टीम भरली. पूर्ण.

सकाळी गिरणीवाले खूश. "कसं जमवलं?" त्यांनी विचारलं. देवेंद्रनं तोंड उघडलं...

काही नाही.

पुन्हा उघडलं...

मुक्या माणसाला नोकरी कोण देतो? अजून तो बापाच्या गादीवर बसतो, बोटांनी भाव सांगतो.

कॅसेट रंगरावानं मला दिली. मी ती ऐकली. पानाबाईची हाक तिच्यात नाही. किर्र... किर्र... शांत. मग देवेंद्रचा आवाज, स्वच्छ.

"ओ, माय."