अकरा टर्की आणि एक मास्तर

गोट्यांचं एकच पाकीट उरलं होतं. मी त्यावर हात ठेवला आणि त्याच वेळी पलीकडून आणखी एक हात येऊन पडला... भला मोठा, मनगटापर्यंत भुसा लागलेला.

"माझं आधी," मी म्हणाले.

"तुमचंच." पण बोटं काही उचलेनात. "मूल केवढं आहे?"

"तीन दिवसांचं."

खेळण्यांच्या दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आणि एक नाही, अकरा आहेत," मी म्हणाले. "बारा होती. काल एक गेलं. बाकीची तोंडात काही घेत नाहीत."

दुकानदार दोन पावलं मागे सरकला आणि त्याचा हात फोनकडे गेला. तो माणूस मात्र हसला नाही की दचकला नाही. पाकीट माझ्याकडे सरकवत म्हणाला, "टर्की का? पाण्यात चोच बुडवून दाखवलीत?"

आता बघा, माझं वय बेचाळीस. त्यातली निदान पस्तीस वर्षं मी लोकांना टोप्या घातल्यात. शेजाऱ्यांच्या दारावर 'घर भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावून अख्खी दुपार खिडकीतून मजा बघितलीय. गल्लीत मला 'उचापत' म्हणतात, आणि उगाच नाही म्हणत. त्यामुळे मी खरं बोलले आणि समोरच्याने ते लगेच खरं मानलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी पाकीट उचलायचंच विसरले. 

तो उबवणी केंद्रात कामाला होता. केंद्रातून पिल्लं नेलेल्या, पहिल्यांदाच पक्षी पाळणाऱ्या लोकांकडे जायचं, पाहणी करायची, भेटीची वही भरायची, हे त्याचं काम. "बारा टर्की म्हणजे तुम्हीच. माझ्या यादीत तुमचा नंबर परवा होता," तो म्हणाला. "पण पिल्लाच्या पोटातला बलकाचा साठा तीनच दिवस पुरतो. आत्ताच येतो."

वाटेत मी त्याला सगळं सांगून टाकलं. आमच्या घराचं मागचं अंगण. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, तिथे आपल्या दुकानाच्या पाइपांचं गोदाम करायचंय. मी आडवी आले, तेव्हा त्याने अट घातली होती. "वीस आठवडे देतो. दहा पक्षी जगवून दाखव. जगले तर अंगण तुझं, मी तोंड उघडणार नाही. नाहीतर तिथे गोदाम, आणि तू गोदामाच्या दारात पाइप मोजत बसायचं!" त्याचंही काय चुकलं? मेणबत्त्या झाल्या, अळंबी झाली, विणकाम झालं... एकही काम मी शेवटाला नेलं नव्हतं. 'हिचं काही खरं नसतं' हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं होतं. प्रत्येक जेवणात पडायचंच.

घरी आल्या आल्या उबवणीवाल्याने पुठ्ठ्याचं गोल कडं करून खोक्यात बसवलं. "कोपरे ठेवायचे नाहीत. घाबरली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, खालचं गुदमरतं." माझं तेच तर झालं होतं. मग चोच मारायचा मोह व्हावा म्हणून चमकदार गोट्या दाण्यात टाकल्या, प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवली आणि खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कोंबडीचं पिल्लू!

"हा मास्तर," तो म्हणाला. "टर्कीचं पिल्लू दाण्यात उभं राहून उपाशी मरेल. त्याला कुणीतरी खाऊन दाखवावं लागतं."

मास्तरने एकदा वर्गावर नजर फिरवली आणि टकटक टकटक सुरू केलं. बराच वेळ काही नाही. मग एका पिल्लाने गोटीवर चोच मारली, चोच घसरली आणि दाण्यात गेली. दाणा गिळला! दुसऱ्याने उबवणीवाल्याच्या शर्टाचं बटण टिपून सैल केलं. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा जेवत होती.

"दोन आठवड्यांनी मास्तरला घेऊन जाईन," तो म्हणाला. "जास्त ठेवायचं नाही, कोंबड्यांचे आजार टर्कीला लागतात."

पंचेचाळिशीचा, एकटा, कानशिलांवर पांढरे झालेले केस. आणि चेहरा? इस्त्री केलेला! एक सुरकुती हलेल तर शपथ. मला राहवलं नाही. पाचव्या दिवशी मी फोन लावला.

"अहो, धावत या! पिल्लं हिरवी पडली! थट्टा नाही!"

वीस मिनिटांत स्कूटर दारात. मी बल्बभोवती हिरवा पारदर्शक कागद गुंडाळून ठेवला होता. त्याने तो काढला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला. "रंग कच्चा होता," म्हणाला. चहा प्यायला आणि गेला.

"हा हसतच नाही गं," वहिनी म्हणाली. "तुझं कसं व्हायचं?"

"माझं काय व्हायचंय?"

"मी पिल्लांचं म्हणत होते हो."

ती कसली पिल्लांचं म्हणतेय!

दहाव्या दिवशी भरदुपारी आभाळ काळं झालं. आडवा पाऊस, गार वारा, आणि वीज गेली. बल्ब विझला तशी पिल्लं एकमेकांवर चढायला लागली. मी फोन केला.

"लाइट गेलीय. पिल्लं गारठतायत. थट्टा नाही..."

"हिरव्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात," तो म्हणाला, आणि तेवढ्यात फोनही बंद पडला.

बसा आता बोंबलत! पाणी तापवलं, बाटल्यांत भरलं, बाटल्यांना दादाचे लोकरी मोजे चढवले आणि खोक्यात ठेवल्या. पिल्लांचा ढीग हाताने मोडायचा, की पुन्हा ढीग. पुन्हा मोडायचा. तासभर मी हेच करत होते आणि नाक पुसत होते. थंडीमुळे हो, दुसरं काय.

मग दारात स्कूटर. तो नखशिखांत भिजलेला. रेनकोट मात्र कोरडा... कारण तो अंगात नव्हताच, गरम पाण्याच्या चार पिशव्यांभोवती गुंडाळलेला होता.

दोघांनी मिळून पिशव्या लावल्या. हळूहळू ढीग आपोआप सुटला. अकरा. मी दोनदा मोजली.

"तुम्हाला थट्टा वाटली असेल ना?" मी विचारलं.

"वाटली."

"मग आलात कशाला?"

"थट्टा असती तर हसलो असतो. खरं असतं तर हातभार लागला असता." त्याने केसांतलं पाणी झटकलं. "यायचं दोन्हीत होतंच."

"तुम्ही कुठे हसता?"

"घरी गेल्यावर," तो गंभीरपणे म्हणाला.

माझ्या हातात दादाचा एक ओला मोजा होता. तो धरून मी उभी, आणि तिथेच कामातून गेले.

दोन आठवडे भरले, तसा तो टोपली घेऊन मास्तरला न्यायला आला.

"अजून नीट शिकली नाहीत हो," मी म्हणाले. माझ्यामागे अकरा पिल्लं दाण्याचं भांडं उलथंपालथं करत होती.

तो त्यांच्याकडे बघत राहिला... मग माझ्याकडे. मीही नजर काढली नाही. काढतेय कशाला!

"खरंय," तो म्हणाला. "टिपताना मान जरा चुकतेय. असं करू, मास्तरला जाळीपलीकडे ठेवू. दुरून शिकवेल. पुढच्या आठवड्यात बघतो."

पुढच्या आठवड्यातही मान चुकत होती. त्याच्या पुढच्यातही. चौदाव्या आठवड्यात पक्षी माझ्या मांडीला लागत होते, मास्तरला चांगला तुरा आला होता, आणि मी सुस्कारा सोडून सांगत होते, "बुद्धीने जरा कमीच आहेत बिचारे."

त्याच दिवशी ते घडलं. मी त्याला सांगत होते, की तो खेळण्यांचा दुकानदार मला बघून अजून रस्ता बदलतो, काल धीर करून लांबूनच ओरडला, "बाई, मुलं जेवतात का?" आणि हा माणूस हसला. हसला म्हणजे काय, ट्रकमधून पत्रे कोसळावेत तसा! लगेच त्याने तोंडावर हात दाबला. पण अंगणातल्या पाचही नरांनी माना ताणल्या आणि एका सुरात उत्तर दिलं, "गुलगुलगुलगुल!"

तो पुन्हा हसला. ते पुन्हा ओरडले.

"म्हणून मी हसत नाही," डोळे पुसत तो म्हणाला. "केंद्रात लोक खिडक्या लावून घेतात."

"इथे उत्तर देतात," मी म्हणाले.

वीस आठवडे पूर्ण झाले त्या सकाळी दादा मोजायची टेप घेऊनच अंगणात उतरला. मागे वहिनी. उबवणीवालाही आला होता, एका हातात वही, दुसऱ्या हातात मास्तरची टोपली.

दादाने पक्षी मोजले. नऊ.

पुन्हा मोजले. नऊ!

मीही मोजले. नऊच. पंखांची टोकं कापा म्हणून उबवणीवाल्याने तीनदा बजावलं होतं आणि मी आज-उद्या करत राहिले होते. "दोन उडालेत," मी म्हणाले. "भिंतीलगतच्या लाकडाच्या ढिगावरून गेले असतील. इथेच आहेत कुठेतरी."

"झालं सुरू," दादा म्हणाला. "दहा म्हणालो होतो."

"दादा, खरंच!"

"कधी नसतं तुझं खरंच? हे टोक धर." आणि टेपचं टोक त्याने माझ्याच हातात दिलं.

वहिनी लाकडांमागे वाकून आली, मी शीळ घातली, हाका मारल्या. काही नाही. मग मी उबवणीवाल्याकडे वळले. "हसा."

"आत्ता?"

"हसा हो!"

"हा... हा," तो म्हणाला. पक्ष्यांनी मानही वळवली नाही. "माफ करा. मागितलं की येत नाही ते."

टेपचं टोक भिंतीला लागलं होतं. माझं अंगण पुरतं मोजून होणार होतं. मी त्याच्याकडे बघितलं... चेहरा कसानुसा, शर्टाचं ते टिपलेलं बटण अजून तसंच सैल... आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उबवणीवाले, माझ्याशी लग्न करता का?"

टेप सर्रकन दादाच्या हातात परत गेली. आणि तो हसला! पत्र्यांचा अख्खा ट्रक!

अंगणातून तिघांनी उत्तर दिलं. आणि मग वरून, शेजारच्या गॅरेजच्या पत्र्यावरून, पाण्याच्या टाकीमागून आलं, "गुलगुलगुलगुल!" दोन लांब, लालनिळ्या माना वर आल्या.

"दहा! अकरा!" वहिनी नाचायचीच बाकी होती.

"आणि हा?" दादाने जाळीकडे बोट दाखवलं.

"तो मास्तर. तो नोकरीवर आहे."

दादाने टेप खिशात घातली. माझ्याकडे असं बघितलं, जसं पस्तीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. "अंगण तुझं," म्हणाला. "जिंकलीस. पण हसवायला काहीही बोलतेस हं!"

"काहीही नाही," मी म्हणाले. "ते खरं होतं."

उबवणीवाल्याचं हसू मध्येच थांबलं. माझे कान तापले. दादाने सवयीने सुरुवात केली, "हिचं काही ख..." आणि वहिनीने त्याच्या पायावर पाय दिला.

त्याने टोपली खाली ठेवली आणि वही दादाच्या हातात दिली. "मोठ्याने वाचा."

"भेट तिसरी," दादा वाचू लागला. "पिल्ले अजून खायला शिकली नाहीत. पुढची भेट आवश्यक. भेट नववी. अजून शिकली नाहीत. पुढची भेट आवश्यक. भेट एकोणिसावी. नराचे वजन आठ किलो. अजून..." दादाने आठ किलोच्या नराकडे बघितलं. "अहो, पण हे तर..."

"हो," तो म्हणाला. मानेपासून कानापर्यंत लाल, अगदी आमच्या नरांसारखा. "साहेबांनी दोनदा विचारलं, हे कुठले मंद पक्षी म्हणून."

मग त्याने वही परत घेतली, खिशातून पेन काढलं, दोन ओळी लिहिल्या आणि वही माझ्यापुढे धरली.

'भेट विसावी. अकरा पक्षी, सर्व उत्तम, खायला शिकले. पुढच्या भेटीची गरज नाही. मुक्काम आवश्यक.'

मी दोनदा वाचलं. "खरं?"

"थट्टा नाही," तो म्हणाला.

माझंच वाक्य, माझ्यावरच! मी हसले, पोटभर, तोंडावर हात न ठेवता... आणि तीन नरांनी अंगणातून, दोघांनी पत्र्यावरून, सगळ्या गल्लीला कळवून टाकलं.