चांदणीची खूण

कारभारी सही करायला निघाला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मे महिना. एस.टी. खुलताबादचा घाट उतरून शहरात शिरली तेव्हा खिडकीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. काम साधं होतं. चिकलठाण्याला कंपनीच्या गाड्यांच्या डेपोत जायचं, एका कागदावर सही करायची, परत यायचं.

कारभारी पहाऱ्याच्या एका खाजगी कंपनीत कुत्र्याचा हँडलर होता. कारखान्यात मोठा पाहुणा यायचा असला की आधी त्याची चांदणी आत जायची आणि स्फोटकं आहेत का ते हुंगून यायची. चांदणी म्हणजे काळी कुळकुळीत लॅब्रेडॉर कुत्री. छातीवरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून ते नाव त्याच्या बायकोनं, साळूबाईनं ठेवलेलं.

असल्या कुत्र्याला भुंकू देत नाहीत. वास लागला की त्यानं त्या वस्तूसमोर गप बसायचं. ती त्याची खूण. मग हँडलरनं हात वर करून मोठ्यानं म्हणायचं, "खूण मिळाली." काय मिळालं ते कागदावर चढायचं आणि मगच हँडलर म्हणायचा, "शाबास, ऊठ." तोवर कुत्र्यानं हलायचं नाही. चार वर्षांत चांदणी एकदाही हलली नव्हती, एकदाही भुंकली नव्हती. कारभारीला त्याचा मोठा अभिमान होता. आता तोच अभिमान त्याला काट्यासारखा टोचत होता.

नऊ दिवसांपूर्वी चितेगावच्या कारखान्यातलं काम आटोपल्यावर कारभारीच्याच कंपनीचे मॅनेजर अनंतराव साहेब यांनी हात पुढं केला होता. "कारभारी, चावी द्या. तुम्ही गेटवरचे कागद उरका. मी गाडी सावलीला लावतो, एसी चालू ठेवतो." कारभारीनं चावी दिली. साहेब कुत्रीसकट व्हॅन घेऊन ढाब्यावर जेवायला गेले. दोन तासांनी व्हॅन परत आली. काचा बंद होत्या. मागं चांदणी दाराकडं तोंड करून ताठ बसली होती. गाडी एवढी हादरत आली, तरी ती पडली नव्हती. कारभारीनं दार उघडून पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्याला कळलं. बसल्या जागी ती संपली होती. ढाब्यावर पन्नास माणसं जेवत होती. एकालाही आवाज आला नव्हता.

डेपोच्या फाटकाशी चौकीदार फकिरा उभा होता. अंगणाच्या मधोमध, भर उन्हात, ती व्हॅन.

"नाना, सही करून लगेच निघ," फकिरा कारभारीला हळूच म्हणाला. "बारा वाजायच्या आत."

"का रं?"

"बारा वाजले की त्या गाडीची काच आतनं ओली व्हती. रोज. चावी साहेबाच्या कपाटात हाय. मंग आत दम कोन टाकतंय?"

"ऊन लागलं व्हय तुला?"

"लागलं असतं तर बरं झालं असतं," फकिरा म्हणाला. तो हसला नाही.

आत अनंतरावांसमोर पुण्याच्या मुख्य कचेरीतून चौकशीला आलेल्या भानुमतीबाई बसल्या होत्या. पांढरे केस, पुढ्यात जाड वही. कागद टाइप करून तयार होता. त्यात लिहिलं होतं: कुत्री आधीपासून आजारी होती. चावी कारभारीकडं होती. गाडी दहा मिनिटं सावलीत होती. मागची काच चार बोटं उघडी होती.

अनंतराव गोड आवाजात म्हणाले, "सही करा आणि मोकळे व्हा. उद्यापासून चितेगावच्या गेटवर ड्युटी. नाहीतर केस तुमच्यावरच होईल. चावी तुमच्या नावावर आहे."

कारभारीनं कागद दोनदा वाचला. पेनाला हात लावला नाही.

"आजारी नव्हती ती."

"कुत्र्यासाठी नोकरी घालवता?"

"आणखी तीन कुत्री त्याच गाडीत बसनार हायेत साहेब. आज मी सही केली तर उद्या त्येंचंबी असंच लिहाल."

भानुमतीबाईंनी चष्मा काढला. "कोणती काच उघडी होती, मला दाखवा," त्या अनंतरावांना म्हणाल्या.

तिघं अंगणात आली. पायाखालचं सिमेंट तापून पांढरं पडलं होतं. वारा नव्हता. कावळाही बोलत नव्हता. अनंतरावांनी कुलूप काढलं आणि काच दाखवायला ते मागच्या भागात शिरले.

"ही बघा, इथपर्यंत..."

दार लागलं. कुणी ओढलं नव्हतं.

आधी अनंतराव हसले. मग त्यांनी कडी दाबली, मग दोन्ही हातांनी दाबली. भानुमतीबाईंनी बाहेरून दारातली चावी फिरवली, ती फिरेना. कारभारीनं दार ओढलं, खांदा लावला, तळहात भाजून निघाले. फकिरानं पहार आणून काचेवर घातली. काचेला ओरखडासुद्धा उठला नाही. आत अनंतरावांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं... आवाज मात्र बाहेर येत नव्हता.

कुठंतरी कारखान्याचा बाराचा भोंगा झाला.

काच ओली व्हायला लागली. खालून वर. गुडघाभर उंचीवर एक गोल, ओला ठसा उमटला. नाकाचा. तो सावकाश सरकला आणि अनंतरावांच्या समोर येऊन थांबला. ओल्या केसांचा, तापलेल्या कातडीचा वास बाहेर आला. कारभारीला तो झोपेतही ओळखता आला असता.

"बसली," तो पुटपुटला.

"कोण?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"मी उठवल्याबिगर हलत नसती बाई ती. आन् काय घावलं ते लिहिल्याबिगर मला उठवता येत न्हाई. वही काढा."

त्यानं हात वर केला. भर उन्हात, सगळ्या डेपोला ऐकू जाईल असा तो गरजला, "खूण मिळाली!"

त्या शब्दासरशी आतला आवाज बाहेर आला.

"चावी माझ्याकडं होती!" अनंतराव काचेला तोंड लावून ओरडत होते. "दोन तास... उन्हात होती गाडी! काचा मीच लावल्या! ती बघत होती माझ्याकडं... ओरडली असती तर आलो असतो हो!"

भानुमतीबाई लिहीत होत्या. एक शब्द सुटला नाही.

"माझंबी लिहा," कारभारी म्हणाला. "ऊन दिसत असताना चावी मी दिली. गप बसायला तिला मीच शिकवलं."

लिहून झालं. कारभारीनं काचेवर हात ठेवला.

"शाबास, चांदे... ऊठ."

दार आपोआप उघडलं. अनंतराव बाहेर कोसळले. फकिरानं त्यांच्या डोक्यावर बादली ओतली. शुद्ध आल्यावर त्यांनी वहीवर सही केली, कुणी न सांगता. आपली सही कारभारीनं त्यांच्या खाली केली, ताठ मानेनं.

पुढं रीतसर झालं. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, साहेबांची खुर्ची गेली. कारभारीची महिनाभर ड्युटी बंद झाली. ती त्यानं तक्रार न करता भोगली आणि परत आला तेव्हा कुत्र्यांचा सगळा कारभार त्याच्याकडं आला. फाटकावर पाटी लागली: कुत्रं आत असताना गाडी सोडून जाणाऱ्याला कामावर जागा नाही. त्या पाटीखालून जाताना मोठमोठे साहेब आवाज खाली घेतात. तेव्हापासून एकही कुत्रं गाडीत दगावलेलं नाही.

एक गोष्ट मात्र वहीत चढली नाही. त्या दिवशी दार उघडलं तेव्हा तापल्या सिमेंटवर पंजाचे ओले ठसे उमटत गेले होते. ते कारभारीजवळ आले. ठसे क्षणभर थांबले, त्याला वळसा घालून पुढं गेले आणि रांगेतल्या गाड्यांमागं दिसेनासे झाले.

अजूनही उन्हाळ्यात बाराचा भोंगा झाला की ते उमटतात. एकेका गाडीपाशी जातात. ड्रायव्हर दारं उघडून आत कुत्रं अडकलेलं नाही ते दाखवतात.

परवा ठसे नव्या साहेबांच्या स्वतःच्या मोटारीसमोर थांबले. पुढं गेलेच नाहीत. तिथं सिमेंटवर, बसल्यासारखा, मोठा ओला डाग पडला. मोटारीच्या काचा काळ्या होत्या.

"गाडी रिकामी आहे हो," साहेब म्हणाले.

कारभारीनं हात वर केला.

"आधी उघडा."